तीनपैकी पॉइंट नऊ

चष्मा कपाळावर सरकवायचा, मान जराशी तिरपी करायची आणि विचारायचं, "पण त्याले येते काय?" नागपूरच्या आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांचा हा प्रश्न न ऐकलेला माणूस स्टाफरूममध्ये नव्हता. कुणाचा मुलगा डिस्टिंक्शनमध्ये पास झाला म्हणून पेढे आले, की सर पेढा तोंडात टाकून आधी हेच विचारत. पेढे आणणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होई.

एकदा गुडघा दुखतो म्हणून मी त्यांना धंतोलीतल्या एका डॉक्टरकडे नेलं. पाटीवर पदव्यांच्या दोन ओळी होत्या. सरांनी त्या शेवटपर्यंत वाचल्या आणि बाकावरच्या एका अनोळखी बाईंना विचारलं, "ताई, यायच्या औषधानं चालता येते काय?" बाई म्हणाल्या, "हाव, आता जिना चढते मी." तेव्हा कुठे सर नंबर लावायला उठले. मी भलतीकडेच पाहत होतो.

मी इतिहास शिकवतो. आमच्याकडे प्रत्येक विषयाच्या पाच निष्पत्ती ठरलेल्या असतात, म्हणजे तो विषय शिकल्यावर विद्यार्थ्याला काय काय यायला हवं, ते. त्यातलं किती साध्य झालं, हे वर्षाअखेर तीनपैकी आकडा देऊन लिहायचं. असले तक्ते कसे भरले जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. आमचा ठरलेला आकडा दोन पॉइंट चार. तीन लिहिले तर खोटं वाटतं आणि दोनच्या खाली गेलं तर सुधारणेचा अहवाल लिहावा लागतो. गृहअर्थशास्त्राच्या मॅडमनी केव्हातरी तक्ता करून ठेवला होता. तो पेन ड्राइव्हवरून सगळ्या विभागांत फिरायचा आणि आपण फक्त विषयाचं नाव बदलायचं. माझं काम पाच मिनिटांत उरकत असे.

सरांच्या निवृत्तीच्या वर्षी मूल्यांकन समिती यायची होती. सरांनी आपली पहिली निष्पत्ती वाचली. 'विद्यार्थी परिसरातील वनस्पती ओळखू शकतात.' दुसरा कुणी पुढे गेला असता. सरांनी शेवटच्या वर्षाच्या पोरांना एकेक करून कंपाउंडमध्ये नेलं आणि दहा झाडांची नावं विचारली. पोरं वहीत पानाचा आडवा छेद सुरेख काढत, पण ज्या झाडाखाली तीन वर्षं गाडी लावली, त्याचं नाव त्यांना सांगता येईना. कडुनिंबासारख्याच दिसणाऱ्या बकाणाला तर जवळपास सगळ्यांनी कडुनिंब ठरवलं. सर परत आले आणि तक्त्यात पॉइंट नऊ लिहून मोकळे झाले.

त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही. "तीस वर्षं शिकवलं गा," मला म्हणाले, "अन् हे पोट्टे झाडाखाली उभे राहून मलेच झाडाचं नाव विचारून राहिले." मला वाईट वाटलं. हसूही येत होतं, खोटं कशाला सांगू.

सरांच्या शेजारची खुर्ची माझी, म्हणून प्राचार्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "त्यांना समजवा. वनस्पतिशास्त्राला आधीच मुलं कमी. संस्था तुकडी बंद करायला टपलेली आहे, आणि हे स्वतःच्या हातानं पॉइंट नऊ लिहून देताहेत." ही तुकडी सरांनीच संस्थेचे उंबरे झिजवून सुरू करवली होती.

मी गेलो. "सर, एक आकडा तर आहे. दोन पॉइंट चार करा."

"काहून?"

"तुकडी वाचेल."

"तुकडी वाचावी असं सगळ्यात जास्त मलेच वाटते," सर म्हणाले. "पण पोट्ट्यायले येते असं लिहून टाकलं, तर मंग मी उद्या त्यायले शिकवू काय?"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सर पोरांना घेऊन कंपाउंडमध्ये हजर. पुढे दोन महिने हेच. पोरं माझ्याकडे येऊन कुरकुरत, आणि मी त्यांना सहानुभूती देत असे, कारण ती द्यायला काही लागत नाही.

समिती आली. अध्यक्ष व्यवस्थापनशास्त्राचे, टाय लावलेले. त्यांनी नेमकी माझी फाइल आधी उघडली आणि मोठ्यानं वाचलं, "इतिहासाचे विद्यार्थी चार जणांच्या कुटुंबासाठी संतुलित आहार आखू शकतात. दोन पॉइंट चार." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "हे कसं मोजलंत?"

मी भोसल्यांच्या फौजेच्या रसदीबद्दल काहीतरी पुटपुटलो. प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

अध्यक्षांनी वनस्पतिशास्त्राची फाइल ओढली. "आणि हे पॉइंट नऊ?"

"हे मोजलं," सर म्हणाले. "त्याले दोन महिने झाले. आता किती येते, ते मलेही पाहायचं आहे. चला."

सगळी वरात कंपाउंडमध्ये निघाली. अध्यक्षांनीच समोरून जाणारी एक मुलगी थांबवली. ती सरांच्याच वर्गातली निघाली. जरीपटक्याची होती, वडिलांचं चादरींचं दुकान. पहिल्या वेळी तिला तीनच झाडं आली होती. या वेळी नऊ पटापट सांगितली आणि दहाव्याखाली ती पानं निरखत उभी राहिली. अध्यक्षांना तिची दया आली. "अगं, सोपं आहे. कडुनिंब."

"नाही सर," ती म्हणाली, "कडुनिंबाचं पान एकदाच विभागतं. याचं पुन्हा पुन्हा विभागलंय. हा बकाण आहे."

अध्यक्षांनी मान वर करून पाहिलं. मग एक पान तोडून त्यांनी खिशात ठेवलं. सर नाक शिंकरायला तेवढे झाडामागे गेले.

तुकडी वाचली. अहवालात वनस्पतिशास्त्राबद्दल चार बऱ्या ओळी होत्या, इतिहासाबद्दल एकच, आणि ती मी इथे देणार नाही. सर निवृत्त होऊन आपल्या गावी, खाप्याला गेले. त्यांच्या खुर्चीवर आता तक्ता दोन मिनिटांत भरणारा एक हुशार तरुण बसतो.

यंदा मी पेन ड्राइव्ह घेतला नाही. नागपूरचं राज्य इंग्रजांकडे कसं गेलं, एवढंच पोरांना एकेक करून विचारलं. त्या संध्याकाळी सरांना फोन केला. म्हटलं, "सर, मोजलं. पॉइंट सात आलं."

मला वाटलं होतं, हसतील, निदान शाबास तरी म्हणतील.

"बरं," सर म्हणाले. "मंग उद्या कुठून सुरू करतं?"

मी काहीच ठरवलं नव्हतं. सरांनी फोन ठेवला नाही. तिकडे ते माझ्या उत्तराची वाट पाहत होते.