झारोवियाचा पाहुणा

राई गावच्या उत्सवी नाटकांत बबननं पंचवीस वर्षं खलनायक केले, पण गोरा साहेब होण्याची वेळ पंचावन्नाव्या वर्षी आली. नवघरच्या हौशी नाट्यमंडळातली क्षितिजा एका स्पर्धेसाठी छोटी फिल्म करत होती. झारोविया नावाच्या, नकाशावर नसलेल्या देशातला उर्मट प्रोफेसर मीरा रोडच्या बिल्डिंगांत फिरतो, वाट्टेल ते विचारतो, आणि माणसं मनातलं बोलून जातात. "तुमच्याच बिल्डिंगपासून सुरू करू, काका," ती म्हणाली. सोनेरी टोप, मिशा, काळा चष्मा. आरशात बबनलाही बबन सापडेना.

प्रोफेसरचा प्रश्न ठरलेला. हमारे देश में मच्छी खानेवाला लोग दीवार के पीछे रहता, इधर दीवार किधर? सेक्रेटरी महिपतराव खुशीत आले. भिंत कशाला, मच्छीवाल्यांना आता घर द्यायचं नाही असा आमचा तोंडी नियम आहे, असल्या गोष्टी लिहायच्या नसतात, असं त्यांनी कॅमेऱ्याकडे बघत सांगितलं.

मग समोरच्या हंसाबेन. त्यांनी प्रोफेसरला घरात घेतलं, पंखा लावला, मसाल्याचा चहा दिला. सहा वर्षं शेजारी राहून बबन त्यांचा उंबरा ओलांडून आत गेला नव्हता. त्याची बायको आनंदी वारली, तेव्हापासून दर रविवारी हंसाबेन दारातूनच ढोकळ्याची ताटली पुढे करायच्या. बिल्डिंगमध्ये आठवडाभरात त्याच्याशी तेवढंच कुणी बोलायचं. प्रश्न ऐकून त्या आवाज खाली आणत म्हणाल्या, "सामनेवाला है ना, आदमी सीधा है. लेकिन रोज सूखी मच्छी. इसलिए मैं शाम को अगरबत्ती लगाती हूँ."

बबन प्रोफेसरसारखा खो खो हसला. भूमिका सोडायची नसते.

दोन वर्षं त्यानं घरात मासळी शिजवली नव्हती. हंसाबेनना त्रास नको म्हणून बुधवारी राईला बहिणीकडे जाऊन जेवून यायचा. आणि संध्याकाळी समोरून अगरबत्तीचा वास आला की त्याला वाटायचं, त्यांची पूजा झाली. आपल्यालाही कुणी सोबत आहे.

क्षितिजा तर खुशीनं उड्याच मारत होती. सगळ्या फिल्मचा जीव त्या एका वाक्यात आहे, म्हणाली.

"ते काढ."

"काका, लोक हसतील, मग गप्प होतील. तेच तर हवंय."

"होतील. पण सकाळी दार उघडल्यावर माझ्यासमोर ते लोक नसतात, पोरी. त्या असतात."

तिनं बरीच हुज्जत घातली आणि शेवटी काढलं. फिल्मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

पुढच्या रविवारी हंसाबेन ताटली घेऊन आल्या. बबननं ती घेतली, थँक्यू म्हणाला, टेबलावर झाकून ठेवली. मग बाजारात जाऊन सुके बोंबील आणले, आनंदीच्या तव्यावर भाजले आणि दार सताड उघडं ठेवलं.

थोड्या वेळानं समोरचं दार किलकिलं झालं. हंसाबेनच्या हातात पेटलेली अगरबत्ती होती. "बबनभाई," त्या समजुतीनं हसल्या, "आज भी?"

"नाही, हंसाबेन. आनंदी गेल्यापासून आजच."

त्यांचं हसू तसंच राहिलं. अगरबत्तीची राख लादीवर पडली, ती त्यांनी पदरानं टिपली आणि दार लावून घेतलं.

बबननं ताट वाढून घेतलं. ढोकळा एका बाजूला, बोंबील एका बाजूला. आपलं दार त्यानं उघडंच ठेवलं.