बॉयलरकाकांनी बॉयलर काढला

बॉयलरकाका कुठल्याही गरम वस्तूवर तळहात ठेवून तिचं तापमान सांगत. चहाचा पेला हातात घेऊन "बासष्ट" म्हणत आणि मगच पहिला घोट घेत. एकदा मला ताप आला, तर कपाळाला हात लावून त्यांनी "अडतीस पॉइंट चार" असं जाहीर केलं. मी नर्स. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, म्हणून लगेच थर्मामीटर लावला. अडतीस पॉइंट चारच निघाला. पुढे आठवडाभर ते माझ्याकडे बघून नुसते हसत होते.

काका मूळचे नाशिकचे. कुवेतमध्ये मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीत बॉयलर सांभाळणं हे त्यांचं काम. फिंतासमधल्या एका जुन्या दुमजली घरात वर ते एकटे राहायचे आणि खाली दोन केरळी नर्सांबरोबर मी. माझे मिस्टर मुलीला घेऊन मिरजेला. त्या सबंध गल्लीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे आमचं पटतं की नाही हा प्रश्नच नव्हता. किती वाजले हे विचारायला मी जिना चढून जायची, आणि घड्याळ माझ्या मनगटावर असायचं. तेही कधी तसं म्हणाले नाहीत. मुकाट्याने वेळ सांगायचे.

गच्चीवरच्या खोलीत गॅसचा एक म्हातारा बॉयलर होता, आधीच्या कुणा गोऱ्या भाडेकरूने हौसेने बसवलेला. दोन्ही मजल्यांना गरम पाणी त्याचंच. आपोआप पेटायची त्याची सोय केव्हाच बंद पडली होती, म्हणून काका रोज पहाटे वर जाऊन तो हाताने पेटवायचे. ‘धप्प’ असा आवाज व्हायचा, आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. मग कंपनीची बस येईपर्यंत तासभर काका त्याच्यापाशीच. पुसायचे, एखादा नट आवळायचे, कान देऊन ऐकायचे. उन्हाळ्यात तर टाकीतलं पाणीच असं तापतं की थंड नळाखाली हात धरवत नाही. बॉयलर चार-पाच महिने बंदच असायचा. तरी काका वर जायचेच. बंद यंत्रापाशी काय करता, असं मी एकदा विचारलं.

"नुसतं पडून राहिलं की गंजतं, सिस्टर," ते म्हणाले. मालकाने कितीदा सांगितलं की ते धूड काढा, विजेचे गीझर लावून देतो. काकांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

काकू पूर्वी इथेच असायच्या. नव्वद साली इराकी सैन्य आलं तेव्हा तिघंही, म्हणजे काका, काकू आणि शाळकरी मुलगा, अम्मानमार्गे कसेबसे मुंबईला पोचले. कंपनीने बोलावल्यावर काका परत आले. काकू आल्या नाहीत. मुलाची शाळा हे कारण होतं, आणि ते खरंही होतं. शहाण्णवच्या हिवाळ्यात मात्र त्या सबंध तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या. काकांनी घराला रंग काढला होता, नवे पडदे लावले होते. दुसऱ्याच पहाटे बॉयलर पेटला आणि काकू खाली माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात पासपोर्टची पर्स, चेहरा पांढराफटक. मी आत घेऊन पाणी दिलं. "काही नाही गं, झोपेत दचकले," म्हणाल्या आणि नंतर बराच वेळ बसून राहिल्या. पंधराव्या दिवशी त्या नाशिकला परत गेल्या.

मीच काकांना सांगितलं की काकू त्या आवाजाला घाबरतात, लढाईची भीती मनातून गेलेली नाही. मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं. काकांनी मान डोलावली. बॉयलर काढावा असं त्यांना वाटलं असेलही, पण बॉयलरच्या माणसाने बॉयलरपुढे हार मानायची हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात येईल, असं ते दरवर्षी म्हणत राहिले.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. मुलाला पुण्यात नोकरी लागली, नाशिकच्या घरात काकू एकट्या उरल्या. आता तिला तिथे अडवणारं काही नाही, मध्ये फक्त हा बॉयलर आहे, असा हिशेब काकांनी मांडला. फरवानियाच्या एका ए.सी.वाल्याला गाठून त्यांनी हीट पंप मागवला. ए.सी. खोलीतली उष्णता बाहेर फेकतो, तर हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, असं त्यांनी मला समजावलं. कुवेतमध्ये उष्णतेला काय तोटा, असं म्हणून स्वतःच हसले. म्हाताऱ्या बॉयलरला त्यांनी कटर लावू दिला नाही. सुट्टीचे दोन शुक्रवार बसून एकेक नट स्वतःच्या हाताने सोडवला. त्या दोन्ही दिवशी ते जेवले नाहीत.

तिसऱ्या शुक्रवारी सकाळी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. हीट पंप चालू होता. पंख्याची बारीक घरघर, बाकी काही नाही. काकांनी मोबाइलवरून नाशिकला फोन लावला, "ऐक हं" म्हणाले आणि हात लांब करून तो यंत्रापाशी धरला. चांगला मिनिटभर धरला. मग कानाला लावला आणि नुसतं ऐकत राहिले. हो म्हणाले. बरं म्हणाले. फोन खिशात ठेवला आणि कठड्याला टेकले.

"आवाजाचं काही नव्हतं म्हणते," ते म्हणाले. "म्हणते, दचकले एकच दिवस. पण पंधराही दिवस तुम्ही पहाटे उठून वर गेलात, आणि मी खाली एकटीने चहा प्यायले. एकटीनेच प्यायचा तर नाशिकला पितेच की."

मला तोंड वर करवेना. आवाजाच्या भीतीचं निदान माझं होतं. मी त्यांची माफी मागितली, तर ते म्हणाले की चूक तुमची नाही, बिघाड शोधायचा तर यंत्रातच शोधायचा, एवढंच मला येतं.

त्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. कंपनीने आणखी चार महिने थांबवून घेतलं. विमानतळावर सोडायला मी गेले होते. हीट पंपची जाळी महिन्यातून एकदा धुवायची, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं आणि आत गेले. घरी आल्यावर मी पुष्कळ रडले. मग वरच्या मजल्यावर एक लेबनीज कुटुंब आलं. चांगली माणसं होती, पण जिना चढून जायला मला काही कारण उरलं नाही.

काकांना नाशिकमध्ये तीन वर्षं मिळाली. ते गेल्याचं कळल्यावर मी काकूंना फोन केला. काकू रडल्या नाहीत. रोज सकाळी चहा तेच करायचे म्हणाल्या, साखर कधी प्रमाणात पडली नाही. "तीन वर्षं पुरली नाहीत गं," एवढंच नंतर म्हणाल्या.

तो फोन ठेवला. मग मिरजेला लावला. एरवी मी सुट्टीच्या शुक्रवारीच फोन करायची आणि त्या दिवशी शुक्रवार नव्हता, त्यामुळे मिस्टर घाबरले, काय झालं म्हणून विचारू लागले. काही नाही म्हटलं. सकाळचा चहा कुणाबरोबर पिता, असं विचारलं. इथल्या चौदा वर्षांत मी हे कधीच विचारलं नव्हतं.

"कुणाबरोबर म्हणजे?" ते म्हणाले. "ओट्यापाशी उभ्याउभ्याच पितो."