रिकाम्या जागी थांबणारा कर्सर

मुलांनो, तुम्ही पडद्यावर हवं तिथे बोट ठेवता आणि कर्सर तिथे जातो. आमच्या वेळी तो कुठे उभा राहील हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला सांगावं लागे: अमुक ओळ, अमुक रकाना. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी चंद्रपूरच्या आमच्या वनखात्याच्या कार्यालयात ते काम माझ्याकडे आलं, कारण नव्या संगणकासोबत आलेलं इंग्रजी मॅन्युअल वाचायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

माहिती भरायला आमच्या जुन्या टंकलेखक बाई होत्या. टाइपरायटरवर त्यांचा हात फार चांगला. पण टाइपरायटरवर पुढे सरकायचं तर स्पेसबार दाबतात. पडद्यावरही त्या तेच करत आणि पोंभुर्ण्याच्या बांबू डेपोचं भरलेलं नाव अक्षर-अक्षर पुसलं जाई. मी बाणांच्या कळा दाखवल्या. त्या मान डोलवत, आणि अंगठा पुन्हा स्पेसबारवर.

“मले समजते गं, या आंगठ्याले कोण समजावन?” त्या हसून म्हणत.

साहेब हसत नव्हते. महिनाअखेर जमलं नाही तर बाईंना सिरोंच्याला पाठवू, असं त्यांनी मला सांगितलं. सिरोंचा म्हणजे दिवसभराची एसटी. बाईंच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली, करणारं दुसरं कोणी नाही.

मी प्रोग्राम बदलला. भरलेल्या जागी कर्सर जायचाच नाही. थेट पुढच्या रिकाम्या जागी जाऊन थांबायचा. पुसायला काही राहिलंच नाही. बाईंनी साहेबांसमोर सगळे डेपो न चुकता भरले. मला इतका आनंद झाला की मीच म्हणाले, आता हे कोणालाही जमेल.

साहेबांना ते पटलं. कोणालाही जमतं, तर अनुभवी टंकलेखक तिथे कशाला अडकवायची? सिरोंच्याला अजून टाइपरायटरच होते आणि टंकलेखक हवीच होती. थोड्याच दिवसांत त्या खुर्चीवर रोजंदारीची ऑपरेटर आली आणि बाईंच्या हातात सिरोंच्याच्या बदलीचा आदेश. मी साहेबांकडे जाऊन विनवलं. ते म्हणाले, तुम्हीच तर सांगितलंत.

निघण्याच्या दिवशी बाई टेबल आवरायला आल्या. सासूला नणंदेकडे वरोऱ्याला ठेवून आल्या होत्या. मी रडत रडत त्यांचं सामान बांधू लागले.

“तू काऊन रडून राह्यली? माह्यासाठीच केलं होतं ना? मले राग नाई तुह्यावर.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच पावसाळ्यात सासू वरोऱ्याला वारली. रस्ते बंद होते. बाई पोचल्या तेव्हा सगळं उरकलं होतं. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी पत्र लिहायला बसले आणि लिहिलं नाही.

पुढे गडचिरोलीच्या कार्यालयाने तोच प्रोग्राम मागितला. तिथेही एक टंकलेखक बाई होत्या. तो बसवायला मीच गेले.