सहाव्या ठाण्याचा आकडा

मानसिंगतात्या नलवडे रहिमतपूरकडचे. पलटणीत वीस वर्षं वायरलेस सांभाळला, हवालदार होऊन घरी आले, आणि १९९४ साली धरणाच्या वायरलेस खोलीत मुख्य होते. धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात सहा ठाणी. पावसाळ्यात एकेका ठाण्यावर एकच माणूस. रोज सकाळी आठाला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं आणि आकडा तात्यांना सांगायचा. त्यावरच धरणाचे दरवाजे उघडायचे, आणि खाली सांगलीपर्यंत नदीकाठानं बिऱ्हाडं हलवायची का नाही ते ठरायचं.

आकडा घेतला की तात्यांचा दुसरा सवाल ठरलेला. "कालवण काय केलंस?"

धरणावरचे साहेब एकदा चिडले. "सरकारी बॅटरी आमटीवर जाळता?"

"साहेब, एकला माणूस आधी रांधायचं सोडतो, मग आंघोळ, मग काम. काम सुटायच्या आधी मला कळाय पायजे."

सहाव्या ठाण्यावर आष्ट्याचा कपिल बनसोडे. पहिलीच नोकरी, तीही रोजंदारीची. जुलैत त्याला ताप भरला. पर्जन्यमापक दारापासून पन्नास पावलांवर, तेवढंही चालवेना. पण आजारी पडलो म्हटलं तर घरी धाडतील, या भयानं तो अंथरुणातूनच आकडा सांगू लागला. पत्र्यावरचा पाऊस ऐकायचा आणि अंदाजानं ठोकून द्यायचं. आज नव्वद, उद्या पंच्याण्णव.

"कालवण?"

"पिठलं, तात्या."

दुसऱ्या दिवशीही पिठलंच. तिसऱ्या दिवशी तात्यांनी विचारलं, "फोडणी कशाची दिलीस?"

कपिलनं बोलायचं बटण दाबलं आणि तसंच सोडलं. पाचव्या ठाण्यावरनं कोंडीबा मध्येच बोलला, "मोहरीची म्हण की गड्या!"

"तू गप रं, कोंडीबा."

त्याच दिवशी दिवस मावळताना कपिलचं दार वाजलं. बाहेर तात्या, पिंढऱ्यांना जळवा चिकटलेल्या. सोबत पायथ्याच्या गावचा लालासाहेब. तात्यांनी आधी चूल पेटवली, भाताची पेज केली, ती कपिलच्या पोटात गेल्यावर म्हणाले, "आता सांग. आकडं कुठनं आणलंस?"

"मनानंच दिलं, तात्या. मला काढून टाका."

"काढाय तू काय दात हायस? खोटं बोललास, लय वाईट केलंस. तुझ्या अंदाजावर खाली माणसं पोराबाळांसकट झोपत्यात. पर ताप आला म्हणून सांगाय तू भ्यालास, ही चूक माझी हाय. माझ्या माणसाला माझं भ्या वाटलं."

मग त्यांनी वायरलेस उचलला. सगळी ठाणी ऐकत होती. "सहाव्या ठाण्याचे तीन दिवसांचे आकडे रद्द करा. चूक मानसिंग नलवडेची."

पलीकडनं साहेब म्हणाले, "हे लेखी द्यावं लागेल."

"देतो. उद्यापासनं हितला आकडा मी सांगीन."

कपिलनं तोंड भिंतीकडं फिरवलं. सकाळी लालासाहेबानं त्याला पाठुंगळी घेऊन खाली उतरवलं.

तेराव्या दिवशी कपिल आपल्या पायांनी वर चढून आला. ठाण्याच्या वहीत तात्यांच्या अक्षरात बारा आकडे होते, त्याआधीच्या तीन ओळी कोऱ्या, आणि कोऱ्या ओळींपुढं त्यांची सही. तात्यांना साहेबांचा मेमो आल्याचं त्याला कोंडीबाकडनं कळलं होतं. तात्यांनी पिशवी खांद्याला मारली.

"मोजाय जाताना काठी घे. वाट शेवाळलीया," म्हणाले, आणि डोंगर उतरू लागले.