माईंचं छापलेलं पत्र

मित्रमैत्रिणींनो, आज दुपारपासून मन ठिकाणावर नाहीये.

बायकांच्या जुन्या मासिकांचे अंक एका वेबसाइटवर स्कॅन करून ठेवलेत. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी चाळत होते. एका पत्राखाली नाव दिसलं, सौ. अंबिका, छत्रीबाग, इंदूर. पुढे आमचंच आडनाव, आमच्याच घराचा नंबर.

अंबिका म्हणजे बाबांच्या काकू, आमच्या माई. त्या निरक्षर होत्या, अंगठा लावायच्या, असंच आम्ही ऐकत आलो.

पत्रात होतं, "माझी कवितांची वही घरच्यांनी चुलीत घातली. आता मी लिहिणार नाही. पण मला लिहिता येत होतं, एवढं कुठेतरी छापून ठेवा."

लगेच बाबांना फोन केला. पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बेटा, माई रोज पेपर घेऊन बसायच्या. आम्ही बच्चे लोक जवळ गेलो की तो उलटा असायचा. आम्ही ओरडायचो, माई, सीधा तो पकड़ो! त्या पण हसायच्या."

ते हसणं आता माझ्या डोक्यातून जात नाहीये.

तुमच्या घरात कोणत्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणतात? एकदा तिचं नाव शोधून बघाल?