आबांना ऐकू आलेली दुर्गी

आधीच सांगते... मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. चौकात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर घरी आणून पोह्यांवर पिळणारी बाई आहे मी! तरीपण हे लिहितेय.

कोल्हापुरात कळंब्याजवळ आमचं घर. हॉलमध्ये काचेच्या टाकीत फूटभर माती आणि त्यात बीळ करून राहणारी दुर्गी – आफ्रिकेतली टॅरंटुला, तळहाताएवढी कोळीण. रीतसर नोंदणी केलेली. चिडली की पायावर पाय घासून खर्रर्र आवाज करते. माझे सासरे, आबा, तिच्याकडं ढुंकून बघायचे नाहीत. फाउंड्रीत आयुष्य गेलं, बारा वर्षं ठार बहिरे. दुर्गी आली तीन वर्षांपूर्वी.

गेल्या उन्हाळ्यात तिनं बिळाचं तोंड मातीनं बंद केलं. कात टाकायच्या आधी करतात असं. पण तीन महिने झाले तरी पत्ता नाही! ह्यांचं, म्हणजे नवऱ्याचं, एकच टुमणं – "मेली गं ती. घरात वास सुटंल."

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात असताना हे खुरपं घेऊन टाकीपाशी गेले. कात टाकताना तिचं अंग लोण्यागत मऊ असतं, एक धक्का लागला की खेळ खलास. मी किंचाळत धावले... पण माझ्याआधी आबा पोचले! परसात म्हशीला वैरण टाकत होते, तिथनं ओरडतच आले. "हात काढ! जित्ती हाय ती. आत घासतीय की!" आणि तोंडानं आवाज काढून दाखवला – खर्रर्र... थांबून पुन्हा खर्रर्र. हुबेहूब! आम्हा दोघांना तर काहीच ऐकू येत नव्हतं. ह्यांनी गुमान खुरपं खाली ठेवलं.

नवव्या दिवशी माती हलली. आणि दुर्गी बाहेर आली – नवीकोरी, तांबूस, मखमली, पहिल्यापेक्षा मोठी! मी हॉलमध्ये चक्क नाचले. ह्यांनी कान पकडले. आबा मिशीला पीळ देत गल्लीभर सांगत सुटले, "माझ्यामुळं वाचली!"

आबांना कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. तपासणीत काही म्हणजे काही ऐकू येत नाही. शिवाय कात टाकणारी कोळीण असा आवाज काढतच नाही, हे मीच वर्गात सांगते. मग आबांनी काय ऐकलं? जन्मात कधी न ऐकलेला आवाज त्यांनी काढला कसा?

आता आबा रोज टाकीपुढं खुर्ची टाकून बसतात. परवा मी खुणेनं विचारलं, काय म्हणतेय?

"तुला कशाला सांगू? आमचं आमचं हाय."