शिक्क्यापुरता घरी आलेला सेंटर

जसिंता तुस्कानोला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. लग्न करून वसईहून मस्कतला आली, एका ऑफिसात रिसेप्शनला बसली, नवरा नॉरबर्ट हॉटेलात स्टोअर सांभाळायचा. आणि एकुलता एक ऑलविन, तो इकडेच जन्मला आणि इकडेच नुसता वाढत सुटला. मस्कतमधल्या अल हैल भागातल्या फ्लॅटमध्ये त्याच्या पलंगाला पायाकडून स्टूल लावावं लागायचं. बारावीला पोरगा पावणेसात फूट. शाळेच्या सरांनी त्याचे खेळतानाचे व्हिडिओ अमेरिकेत पाठवले काय, आणि २०१३ मध्ये ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजने त्याला बोलावून घेतलं काय, फी माफ, खाणंपिणं माफ, जसिंताला सगळं खोटंच वाटत होतं. शुक्रवारच्या सुट्टीतल्या मिसानंतर तिने अख्ख्या चर्चला केक वाटला.

पहिलं वर्ष त्याने बेंचवर काढलं. दुसऱ्या वर्षी सेंटरच्या जागी खेळणाऱ्या सीनियरचा घोटा मोडला आणि ऑलविन थेट टीममध्ये. सेंटरचं काम रिंगखाली. पाठीने समोरच्याला रेटायचं, छातीवर कोपरं खायची आणि सगळ्यांच्या वर उडी मारून बॉल ओढायचा. तो मार खातोय हेच जसिंताला दिसायचं, पण फोनवर पोराचा आवाज इतका खूश असायचा की ती जेवलास का एवढंच विचारायची.

पण ऑलविन ऑगस्टमध्ये गेलेला, आणि फेब्रुवारी जवळ यायला लागला. ओमानमध्ये वाढलेल्या पोरांच्या आया एक गोष्ट झोपेतही विसरत नाहीत, सहा महिने बाहेर राहिलं की रेसिडेन्सी, म्हणजे इथे राहायचं कार्ड, खलास. म्हणून बाहेर शिकणारी पोरं त्याच्या आत एकदा येतात, एअरपोर्टवर शिक्का मारून घेतात, दोन घास खातात आणि परत जातात. त्याला कोणी सुट्टी म्हणत नाही, शिक्का मारायला आलाय म्हणतात.

"मम्मी, आय कान्ट," ऑलविन फोनवर म्हणाला. "सीझन चालू आहे. माझा जागा जाईल."

"आणि इथली जागा? उद्या तिकडे काय झालं तर वसईला जाणार? तुला तिकडची बस तरी माहितीये कुठली पकडायची?"

"माझा नी सुजला आहे, गुडघा. ट्रेनर बोलतो, एवढा लाँग फ्लाइट नको."

"विमानात बसून यायचंय रे बाबा, धावत नाही," नॉरबर्ट मागून बोलला. जसिंता हसली. मग तिने रडून दाखवलं, आणि रडणं कामाला आलं.

कोचशी भांडून पोरगा येण्याजाण्यासकट चार दिवसांसाठी आला. दोन विमानं, आणि दोन्हीत गुडघे पुढच्या सीटला दाबलेले. एअरपोर्टच्या दारातून तो लंगडत बाहेर पडला तेव्हा जसिंताने त्याच्या हातातली बॅग ओढून घेतली. पण पासपोर्टवर शिक्का बघून नॉरबर्ट म्हणाला, "चला, सुटलो." तिने त्याच्या आवडीचे मैद्याचे फुगे तळले, गुडघ्याला तेल चोळलं, तो झोपला. दोन दिवसांनी परत विमानात.

ऑलविन तिकडे उतरला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मॅच होती. कोचने विचारलं, पाय कसा आहे. रजा घेऊन आलेला पोरगा अजून काय सांगणार, एकदम ओके म्हणाला. जसिंताने ती मॅच शुक्रवारी मिसाहून आल्यावर कॉम्प्युटरवर बघितली. ऑलविनने उडी मारली, बॉल धरला, खाली आला आणि गुडघा आत वळला. बॉल कोणीतरी हिसकावला, बाकी सगळे त्याच्या मागे पलीकडच्या टोकाला पळाले. रिंगखाली एकटा तिचा मुलगा बसलेला, हातांनी पाय धरून, आणि कॅमेरासुद्धा त्याला सोडून निघून गेला.

दोन ऑपरेशनं झाली. पुढचा सीझन त्याने साध्या कपड्यात बघितला. त्या वर्षी शिक्क्यासाठी तो अगदी वेळेवर आला, कोणी अडवलंच नाही. २०१६च्या उन्हाळ्यात कॉलेजने सांगितलं की नवीन सेंटर मिळालाय, स्कॉलरशिप पुढे नाही. तो घरी आला. एकवीस झाला की मुलगा बापाच्या कार्डावरून उतरतो, म्हणून त्याआधी नॉरबर्टने ओळखीतल्या हुसेनला गळ घातली आणि मस्कतपासून तीन तासांवर, इब्रीतल्या त्याच्या टाइल्सच्या दुकानात पोराला नोकरीच्या कार्डावर चिकटवला.

एका शनिवारी जसिंता आणि नॉरबर्ट डबा घेऊन इब्रीला गेले. दुकानात हुसेन खुर्चीवरून सांगत होता, "यल्ला ऑलविन, ऊपर वाला," आणि ऑलविन नुसता हात वर करून खोकं काढत होता. शिडी लागत नव्हती. खाली ठेवताना मात्र तो आधी शेल्फला धरायचा, चांगला पाय वाकवायचा, आणि दुसरा काठीसारखा बाजूला टाकायचा. जसिंताने तोंड फिरवलं.

मागच्या खोलीत तिने ताट वाढलं. नॉरबर्ट बाहेर फोनवर होता.

"तुला माझा राग येत नाही?" तिने विचारलं. दीड वर्षं मनात ठेवलेला प्रश्न होता तो.

ऑलविनला खरंच कळलं नाही. "कशाला? तू बरोबर बोलली होती, मम्मी. कार्ड होता म्हणून इकडे आलो. नाहीतर मी कुठे गेला असता?"

तो मनापासून बोलत होता. टोमणा नाही, काही नाही. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं, पाया पडली असती त्याच्या. आता काय करणार.

"जेव," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात अजून एक मासा वाढला, आधीचा संपला नव्हता तरी.